एकच बायसन, तीन मापं: अमेरिकी राष्ट्रीय उद्यानांची नाणी घेताना

यलोस्टोनमधला ओल्ड फेथफुल, म्हणजे गरम पाण्याचा उसळता फवारा, आणि पुढ्यात उभा बायसन. अमेरिकी टांकसाळीने ही जोडी तीन मापांत पाडली आहे. २०१० च्या पाव डॉलरवर, म्हणजे क्वार्टरवर, ती २४.२६ मिमी व्यासात बसवली. तेच चित्र रेघही न बदलता पाच औंस चांदीच्या नाण्यावर ७६.२ मिमीचं झालं. २०१६ साली राष्ट्रीय उद्यान सेवेला शंभर वर्षं झाली, तेव्हाच्या चांदीच्या डॉलरवर हेच दोघे नव्याने रेखाटले गेले, ३८.१ मिमीमध्ये. यातलं कोणतं घ्यायचं याचं उत्तर चांदीच्या भावात शोधू नये. चित्राला किती जागा लागते ते आधी बघावं.

साधं क्वार्टर

'अमेरिका द ब्युटिफुल' ही मालिका २०१० ते २०२१ चालली. दरवर्षी पाच आणि शेवटच्या वर्षी एक, अशी ५६ नाणी: ५० राज्यं, राजधानीचा जिल्हा आणि पाच प्रदेश यांचं प्रत्येकी एक स्थळ. स्थळाला राष्ट्रीय दर्जा मिळाला त्या क्रमाने नाणी आली. म्हणून ग्रँड कॅन्यनच्या आधी आर्कान्सासचं हॉट स्प्रिंग्ज आहे (ते १८३२ मध्येच राखीव झालं होतं) आणि शेवटी अलाबामातलं टस्कीगी एअरमेन हे वैमानिकांचं ऐतिहासिक स्थळ.

साधं नाणं ५.६७ ग्रॅमचं. आत शुद्ध तांबं, दोन्ही बाजूंना तांबं-निकेलचा थर. कडेकडून पाहिलं की कंगोऱ्यांमध्ये तांबूस पट्टा दिसतो. दर्शनी बाजूला वॉशिंग्टन, आणि 'इन गॉड वुई ट्रस्ट'खाली टांकसाळीचं अक्षर: पी म्हणजे फिलाडेल्फिया, डी म्हणजे डेन्व्हर. दोन्हींचा पूर्ण संच ११२ नाण्यांचा, दर्शनी किंमत २८ डॉलर, वजन सुमारे ६३५ ग्रॅम. नातेवाईक तिकडे असेल तर सामानातून सहज येतो. एकाच टांकसाळीची ५६ घेतली तर हिशेब १४ डॉलरवर आला. चित्रं दोन्हीकडे तीच, त्यामुळे पी आणि डी दोन्ही जमवण्याचा आग्रह नवख्याने धरू नये.

२०१२ पासून एस अक्षराची, सॅन फ्रान्सिस्कोची, न वापरलेली क्वार्टर्सही निघाली. ती चलनात गेली नाहीत, फक्त संग्राहकांना पिशव्या आणि रोलमध्ये विकली गेली. सुट्ट्या पैशांत ती शोधत बसू नका.

शोधायचं तर डब्ल्यू शोधा. वेस्ट पॉइंटच्या टांकसाळीने २०१९ आणि २०२० च्या दहा चित्रांची प्रत्येकी २० लाख नाणी पाडून थेट चलनात सोडली. २०२० च्या डब्ल्यू नाण्यांवर डावीकडे बारीक 'व्ही७५' अशी खूणही आहे, दुसरं महायुद्ध संपल्याला ७५ वर्षं झाली म्हणून. दहापट भिंग लागतं. ही मजा मात्र अमेरिकेत राहणाऱ्याचीच, कारण बँकेतून चाळीस-चाळीसचे रोल आणून निवडणं इथे बसून होत नाही.

लहान मापात काय टिकतं

खरी निवड इथे आहे. एकच ठळक आकृती आणि भोवती मोकळी जागा असलेली चित्रं २४ मिमीमध्ये उत्तम उठतात: ग्रेट बेसिनचा एकटा ब्रिसलकोन पाइन (२०१३), आर्चेसची डेलिकेट आर्च (२०१४), पंख पसरलेल्या अॅनहिंगा या पाणपक्ष्याचं एव्हरग्लेड्स (२०१४), कान्सासच्या टॉलग्रास प्रेअरीचं फुलपाखरू (२०२०). अमेरिकन समोआवरची पिलासह उलटी लटकलेली वटवाघूळ-आईही हातभर अंतरावरून ओळखू येते.

याउलट ग्रँड कॅन्यन पाहा. नानकोवीप त्रिभुज प्रदेशाच्या वर कड्यात बांधलेली धान्याची कोठारं आणि खाली कोलोराडो नदी, असा विषय. क्वार्टरवर ते नुसते ओरखडे वाटतात. कोठारांच्या चौकोनी तोंडांवर नजर ठरायला वेळ लागतो. रशमोरच्या नाण्यावर डोंगरात राष्ट्राध्यक्ष जेफरसनचा चेहरा घडवणारे कारागीर आहेत, तेही मुंगीएवढे. आयोवाचे एफिजी माउंड्स म्हणजे वरून दिसणारे अस्वलाच्या आकाराचे उंचवटे. माहिती नसेल तर डाग समजाल. दोष कोरणाऱ्यांचा कमी, मापाचा जास्त.

आपल्याकडच्यांसाठी एक गंमत: २०१५ च्या डेलावेअरच्या नाण्यावर 'बॉम्बे हुक' लिहिलंय. मुंबईशी त्याचा काही संबंध नाही. डच भाषेतल्या 'झुडपांचं टोक' अशा नावाचा तो अपभ्रंश. चित्रात बगळे आहेत आणि छान आहेत.

पाच औंस

व्यास तिपटीहून थोडा जास्त, म्हणजे क्षेत्रफळ जवळपास दहापट. वजन १५५.५ ग्रॅम, चांदी ९९९. कडेला कंगोरे नाहीत, शुद्धता आणि वजन कोरलेलं आहे. ग्रँड कॅन्यनची कोठारं इथे खरंच कोठारं दिसतात. यलोस्टोनच्या बायसनची गंमत वेगळी: तो क्वार्टरवरही पुरेसा दिसतो, मोठ्या नाण्यावर फक्त मानेवरची लोकर वाढते. त्यासाठी एवढी चांदी घ्यावी असं वाटत नाही.

याचे दोन प्रकार आहेत आणि गल्लत इथेच होते. बुलियन, म्हणजे धातूच्या किमतीसाठी घेतला जाणारा प्रकार चकचकीत असतो, त्यावर टांकसाळीचं अक्षर नसतं, दहा-दहाच्या नळीत जायचा. २०१० चे पाचही प्रत्येकी ३३,००० पाडले गेले. नळीतून काढताना काठाला काठ आपटून खाचा पडतात, शिवाय कोऱ्या चांदीवर दुधाळ डाग येतात, ते निघत नाहीत. संग्राहक प्रकारावर पी अक्षर असतं, पृष्ठभाग मुद्दाम मॅट केलेला, डबी आणि प्रमाणपत्र सोबत. दिसायला हाच सरस, पण त्यावर बोटाचा ठसा उमटला की गेलाच. चांदी साठवायची तर बुलियन, चित्र बघायचं तर पी. ५६ च्या ५६ घ्यायचा विचार असेल तर आधी बेरीज करा: २८० औंस, म्हणजे ८.७ किलो चांदी. त्यापेक्षा लहान मापात फसलेल्या चित्रांपैकी एखादं-दुसरं मोठं घेणं शहाणपणाचं.

मधले पर्याय

क्वार्टरच्याच मापात चांदीची प्रूफ नाणीही आहेत, आरशासारखी पार्श्वभूमी आणि त्यावर पांढरट उठाव. मॅट-आरसा फरकामुळे लहान चित्रंही जरा उघडतात. २०१८ पर्यंत ९० टक्के चांदी, ६.२५ ग्रॅम, २०१९ पासून ९९९, ६.३४ ग्रॅम. एवढा फरक किराणा काट्यावर कळणार नाही, शतांश ग्रॅम दाखवणारा काटा हवा. चांदीचं आणि साधं प्रूफ ओळखायला मात्र काटाही नको: कडेला तांबूस पट्टा दिसला तर चांदी नाही.

२०१६ च्या शताब्दी संचात तीन नाणी. चांदीच्या डॉलरबद्दल वर आलंच: २६.७३ ग्रॅम, ९० टक्के चांदी, आणि या चित्रासाठी सगळ्यांत नेमकं माप, ना दाटी ना रिकामपण. अर्ध्या डॉलरवर रानवाटेवरचा भटक्या आणि नेच्यात लपलेला बेडूक शोधणारं मूल. पाच डॉलरच्या सोन्यावर निसर्गलेखक जॉन म्युअर आणि राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट, मागे योसेमिटीचा हाफ डोम. पण ते २१.५९ मिमीचं, क्वार्टरहून लहान, आणि दोन चेहरे व एक डोंगर त्यात दाटीवाटीने बसलेत. एकच नाणं घ्यायचं असेल तर डॉलर घ्या.

उद्यानांपेक्षा वास्तूंत रस असेल तर स्पेनची दोन युरोंची मालिका स्वस्त पडते: जागतिक वारसास्थळांवर २०१० पासून वर्षाला एक. कोर्दोबा, अल्हाम्ब्रा, सेगोव्हियाचा जलसेतू, २०२२ ला गाराहोनाय राष्ट्रीय उद्यान. नाणं २५.७५ मिमीचं असलं तरी बाहेरचं कडं ताऱ्यांनी घेतल्याने चित्राला फक्त मधला गाभा उरतो. सेगोव्हियाच्या कमानी त्यात तगतात.

घेताना, ठेवताना

आता सगळा माल दुसऱ्या हातचा. मोठ्या नाण्याचं वजन, व्यास आणि कडेवरची अक्षरं तपासा, चुंबक लावा; चांदीला चिकटता कामा नये. परदेशातून कुरियरने चांदी मागवताना सीमाशुल्क किमतीत धरूनच भावाची तुलना करा.

सोनेरी मुलामा दिलेली किंवा रंगवलेली क्वार्टर्स टांकसाळीची नव्हेत. खासगी विक्रेते साध्या नाण्यावर मुलामा चढवतात. संग्राहकाच्या लेखी ते बिघडवलेलं नाणं.

मऊ पीव्हीसीच्या खिशांतून आम्ल सुटतं आणि नाण्यावर हिरवट चिकट थर येतो. पॉलिएस्टरचे खिसे किंवा नेमक्या मापाच्या डब्या वापरा. पाच औंसासाठी ७६ मिमीची लागते. रबरबँड आणि साधा पुठ्ठा चांदी काळवंडवतात. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल ठेवा आणि त्याचा रंग बदलला की पुडी बदला. काळवंडलेलं प्रूफ चांदी चकाकवायच्या पावडरने पुसू नका. आरशावर एकदा बारीक रेघोट्या उठल्या की त्या कशानेच जात नाहीत.