हौदाहौदाला फ्लोट की सगळे हौद एकाच लेव्हलला?

टाकी उंचावर आहे, पाणी उताराने आपोआप खाली जनावरांच्या पिण्याच्या हौदांत येतंय, इथपर्यंत तुमचं ठरलंय असं धरून चालतो. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. हौद भरला की पाणी थांबवायचं कोणी? त्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे प्रत्येक हौदाला स्वतःचा फ्लोट (तरंगणाऱ्या गोळ्याचा कॉक, पाणी वर चढलं की गोळा उचलला जाऊन आपोआप बंद होतो), टाकीची लाइन थेट हौदापर्यंत. दुसरा म्हणजे एकच फ्लोट, तो बाजूच्या एका छोट्या टाकीत, आणि त्या टाकीला सगळे हौद जाड पाइपने जोडलेले, म्हणजे छोट्या टाकीत पाणी जितकं वर तितकंच सगळ्या हौदांत. गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल काढतात ना, तेच हे, फक्त मोठ्या मापात.

मी पहिला प्रकार तीन वर्षं वापरला आणि दुसरा आता पाच वर्षं वापरतोय. लहानमोठी मिळून चौदा जनावरं, चार हौद, टाकी हौदाच्या काठापेक्षा साधारण ४ मीटर उंच आणि मधे दीडशे मीटर पाइप. तुमची जागा वेगळी असेल तर माझं गणित तुम्हाला जसंच्या तसं लागू पडणार नाही, हे आधीच सांगतो.

पहिल्या प्रकाराची चांगली बाजू आधी. जोडायला सोपा, हौद कुठेही ठेवा, एक वर एक खाली असला तरी बिघडत नाही. प्रत्येक हौदात थेट टाकीचं ताजं पाणी येतं, एका जनावराचं उष्टं दुसऱ्या हौदात जात नाही. एक हौद धुवायचा असेल तर त्याचा कॉक बंद केला की काम झालं, बाकीच्यांना पत्ताही लागत नाही. चढउताराच्या कुरणात लांब लांब हौद असतील तर खरं सांगायचं तर दुसरा पर्यायच नाही.

आता त्रास. पहिला त्रास फ्लोटच्या भोकाचा, आणि हा बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही कारण फ्लोट बाहेरून सगळे सारखेच दिसतात. जास्त प्रेशरच्या लाइनसाठी जो फ्लोट असतो त्याचं आतलं भोक जेमतेम ३ मिलिमीटरचं असतं. आपल्याकडे उंची ४ मीटर, म्हणजे प्रेशर दर चौरस सेंटिमीटरला ०.४ किलो (१० मीटर उंचीला साधारण १ किलो धरायचं, टाकी केवढी आहे याचा त्याच्याशी संबंध नाही, उंची किती तेवढंच बघायचं). एवढ्या प्रेशरवर त्या भोकातून पाणी कसं येणार? मी बादली लावून बघितली, पंधरा लिटरची बादली भरायला सहा-सात मिनिटं लागली. तहानलेली गाय मिनिटाला दहा-पंधरा लिटर सहज ओढते. दोन गायी एका हौदावर आल्या की तळ दिसायचा, मग मागची म्हैस रिकाम्या हौदात तोंड घालून उभी राहायची, आणि मी पाइप छोटा पडला म्हणून पाइपला दोष देत बसलो होतो. पाइप बदलायच्या आधी फ्लोट उघडून भोक बघा. कमी प्रेशरचा, मोठ्या भोकाचा फ्लोट मिळतो, तो घातला आणि मिनिटाला दहा लिटरच्या आसपास पाणी यायला लागलं.

पण मग खरा त्रास सुरू झाला, आणि माझा निर्णय ज्याच्यावर झाला तो हाच.

फ्लोट जनावराच्या तोंडाशी असतो. गाय तो चाटते, म्हैस मान घासते, वासरू दांडी तोंडात धरून चोखतं. जनावराला दोष देण्यात अर्थ नाही, समोर हलणारी वस्तू दिसली की ते तिला लागणारच. मी वर पत्र्याचं झाकण केलं, ते दोन महिन्यांत वाकलं. मग लोखंडी जाळी केली, तिच्यात वैरणीच्या काड्या अडकायला लागल्या आणि काड्यांनी फ्लोटची दांडी अडवली. दांडी जरा तिरकी झाली की फ्लोटचा गोळा हौदाच्या भिंतीला घासून तिथेच अडकतो, वर येत नाही, आणि पाणी चालूच राहतं. दिवसा दिसतं. रात्री कोण बघणार?

भर उन्हाळ्यात एकदा पहाटे गोठ्यात गेलो तर सगळी जनावरं ओरडत होती. तिसऱ्या हौदाचा फ्लोट म्हशीने फिरवून ठेवलेला, हौद काठोकाठ भरून वाहत होता तो वाहून वाहून थांबलेला, आणि वर जाऊन बघितलं तर पाच हजार लिटरची टाकी कोरडी. हिशोब केला तर बरोबर बसतो, मिनिटाला दहा लिटर, आठ तास, ४,८०० लिटर. हौदापुढे घोट्याएवढा चिखल, त्यात एक कालवड घसरून गुडघ्यावर पडली, आणि नुकती व्यायलेली गाय रात्रभर तहानलेली, तिचं त्या दिवसाचं दूध निम्म्यावर आलं. असं त्या वर्षात तीन वेळा झालं. तिसऱ्या वेळेला मी ठरवलं की जो भाग हलतो तो जनावराच्या जवळ ठेवायचाच नाही.

इथे अजून एक गोष्ट लक्षात घ्या. मोटरवर पाणी असेल तर मोटर बंद केली की गळती थांबते. उताराच्या पाण्याला बंद करणारं कोणी नसतं, टाकी रिकामी होईपर्यंत ते येतच राहतं. त्यामुळे चार हौदांना चार फ्लोट म्हणजे टाकी रिकामी व्हायला चार जागा, हे मला फार उशिरा कळलं.

आता दुसरा प्रकार. गोठ्याच्या भिंतीपलीकडे, जनावराचं तोंड पोचणार नाही अशा ठिकाणी दोनशे लिटरची झाकणाची टाकी ठेवली. वरच्या टाकीची लाइन तिच्यात येते, आत एकच मोठ्या भोकाचा फ्लोट, त्याच्याआधी गाळणी आणि एक कॉक. फ्लोट अशा उंचीवर सेट केला की पाणी हौदाच्या काठाखाली चार बोटं राहील. छोट्या टाकीच्या खालून निघालेला पाइप चारही हौदांना टी (तीन तोंडांचा जोड) टाकून जोडला. झालं. हौदात हलणारी वस्तू एकही नाही, नुसतं पाणी. पाच वर्षांत वॉशर एकदा बदलला, तोही कोरड्यात उभं राहून झाकण उचलून दहा मिनिटांत.

यात लोक चुकतात ते जोडपाइपमध्ये, म्हणजे छोटी टाकी आणि हौद जोडणाऱ्या पाइपमध्ये. वरून येणाऱ्या लाइनला ४ मीटरची ताकद मिळते, पण छोट्या टाकीतून हौदात पाणी सरकायला फक्त लेव्हलचा फरक मिळतो, तो दोन-चार सेंटिमीटरचा. एवढ्याशा फरकावर एक इंची पाइपमधून पुरेसं पाणी सरकत नाही. मी आधी एक इंचीच टाकला होता, शिल्लक होता म्हणून, तर लांबच्या हौदावर दोन म्हशी आल्या की तिथलं पाणी वीतभर खाली जायचं आणि जवळचा हौद मात्र भरलेला. दोन इंची टाकल्यावर हा फरक डोळ्यांना दिसेनासा झाला. पाइपचा व्यास दुप्पट केला की पाणी दुप्पट नाही, सहा पटीच्या आसपास जातं, त्यामुळे इथे काटकसर करू नका, हवी तर दुसरीकडे करा.

हवा अडकण्याचं पण बघा. वरची लाइन असो की जोडपाइप, मधे कुठे उंचवटा आला की हवा तिथे जाऊन बसते आणि कमी प्रेशरचं पाणी तिला ढकलू शकत नाही. वरच्या लाइनला उंचवट्यावर हवा सोडायची तोटी ठेवावी लागते, जोडपाइपला मात्र उंचवटा ठेवायचाच नाही, एकाच दिशेला हलका उतार, आणि सगळ्यात खालच्या टोकाला मोठा कॉक. महिन्यातून एकदा तो कॉक पूर्ण उघडतो, काळपट गाळ आणि कुजलेल्या काड्या धाडकन बाहेर येतात, दोन मिनिटांत पाणी निवळतं. जोडपाइपचं तोंड हौदात तळापासून चार बोटं वर ठेवलंय, म्हणजे तरंगणारी वैरण वर राहते, बसलेला गाळ खाली, आणि पाइपात कमी जातं.

तोटे आहेत, लपवत नाही. सगळ्यात मोठा म्हणजे पाणी सामायिक होतं. पहिल्या हौदावर जनावरं पीत असतील तर बाकीच्या हौदांतलं पाणी थोडं मागे सरकतं, म्हणजे एकाची लाळ दुसऱ्याला. आजारी जनावराला म्हणून मी वेगळं बांधतो आणि बादलीने पाजतो. ज्यांच्याकडे बाहेरून जनावरं येत-जात असतात त्यांनी याचा नीट विचार करावा, मी कदाचित त्यांना पहिलाच प्रकार सुचवीन. दुसरं, प्रत्येक हौदाकडे जाणाऱ्या फांदीवर (पाइपवर) कॉक पाहिजेच, नाहीतर एक हौद धुवायला रिकामा केला की चारही रिकामे होतात आणि वरून पाणी येतच राहतं. तिसरं, काठाची उंची सगळ्यांना एकच लागते, त्यामुळे वासरांना उंच पडतं. वासरांचा हौद म्हणून या चारांत धरलेला नाही, त्याला माझ्याकडे आजही वेगळा फ्लोट आहे, वर जाड फळी ठोकून, आणि तोच एक फ्लोट मला अधूनमधून त्रास देतो.

गोठ्याची जमीनच उतरती असेल तर? फूटभराच्या आत फरक असेल तर खालच्या हौदाखाली ओटा घालून काठ वर आणता येतो. त्याहून जास्त असेल तर दोन टप्पे करा, प्रत्येक टप्प्याला एक छोटी टाकी आणि एक फ्लोट. चार फ्लोटऐवजी दोन, आणि दोन्ही जनावराच्या तोंडापासून लांब.

काही जण फ्लोट न लावता पाणी सतत वाहतं ठेवतात, एका हौदातून दुसऱ्यात आणि शेवटच्यातून बाहेर. झरा बारमाही असेल आणि वाहून गेलेलं पाणी लांब न्यायची सोय असेल तर पाणी कायम ताजं राहतं हे खरं. साठवलेल्या पाण्यावर मात्र हे परवडत नाही, आणि हौदाभोवती ओल राहिली की जनावरांचे खूर बिघडतात.

एवढं बघता एका गोठ्यात, जवळजवळ असलेल्या हौदांसाठी मला तरी दुसरा प्रकार बरा वाटतो. हौद विखुरलेले असतील तर पहिला घ्या, फक्त फ्लोट हौदाच्या एका कोपऱ्यात मधे भिंत घालून बंद करा, भिंतीला खालून भोक ठेवा म्हणजे पाणी पलीकडे जाईल पण तोंड पोचणार नाही. पत्र्याचं झाकण टिकत नाही.

आणि दुसरा प्रकार केलात तर जोडपाइप लगेच बुजवू नका. सगळं भरून एक रात्र जनावरं लांब बांधा, सकाळी प्रत्येक हौदात पाणी काठापासून किती खाली आहे ते बोटांनी मोजा. माझ्या तिसऱ्या हौदात पाणी दोन बोटं जास्त वर आलं होतं, म्हणजे हौदच तेवढा खाली बसला होता. पहारीने उचलून खाली वाळू भरली, परत एक रात्र ठेवलं आणि मगच माती ओढली.