‘बघून घ्या ताई, सगळा बॅकअप झालाय’

साताऱ्यात माझं डीटीपीचं छोटं काम आहे. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल आणि अधूनमधून एखादं पुस्तक. २०१३ पासूनचं सगळं काम एकाच कॉम्प्युटरवर, एक टीबीच्या हार्ड डिस्कवर होतं. एकूण ४१२ जीबी. हा आकडा आता मला पाठ झालाय.

गेल्या उन्हाळ्यात, ऐन लग्नसराईत मशीन अतिशय हळू चालायला लागलं. बटण दाबून चहा टाकायचा, चहा पिऊन व्हायचा, तरी स्क्रीनवरचं चक्र फिरतच असायचं. कोरलमध्ये पत्रिका उघडली की सगळं गोठायचं आणि गिऱ्हाईक शेजारी उभं. ओळखीतून एक रिपेअरवाला मिळाला. म्हणाला, ‘ताई, हार्ड डिस्क दमलीय. आधी सगळा बॅकअप घेतो, मग एसएसडी, म्हणजे चिपवाली डिस्क टाकतो, विंडोज नवीन मारतो. मशीन पळेल बघा.’

त्याचं हे म्हणणं खरंच होतं, म्हणून मला शंका आली नाही. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क सेकंदाला साधारण शंभर-सव्वाशे एमबी वाचते. हजारो बारीक फायली एकदम वाचायच्या असतील, तर वेग याच्या कितीतरी खाली येतो, आणि विंडोज सुरू होताना नेमकं तेच चालू असतं. साधी एसएसडीसुद्धा पाचशेच्या आसपास जाते. नुसता बॅकअप घेऊन तोच जसाच्या तसा परत टाकला, तर मात्र गती वाढत नाही, कारण जुना पसाराही त्याच्याबरोबर परत येतो. फरक पडतो तो एसएसडीचा आणि कोऱ्या विंडोजचा.

त्याने हिशोब सांगितला. २५६ जीबीची नवी एसएसडी २,८०० रुपये, बॅकअपसाठी ‘दोन टीबीची बाहेरची एसएसडी’ २,५०० रुपये, मजुरी ७०० रुपये. जुनी हार्ड डिस्क त्याला दिली तर ५०० रुपये कमी. डेटा बाहेरच्या डिस्कवरच राहू द्या, सी ड्राइव्हवर भार नको, म्हणाला. बिल हवं असेल तर जीएसटी वेगळा पडेल, असंही म्हणाला. मी बिल घेतलं नाही. दोन टीबीची खरी एसएसडी त्या किमतीच्या जवळपासही मिळत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मशीन आणून जोडलं. अर्ध्या मिनिटात सुरू झालं. ‘बघून घ्या ताई, सगळा बॅकअप झालाय,’ म्हणत त्याने २०१३ चं फोल्डर उघडलं. त्यातली एक पत्रिका उघडली, श्रीलिपीचे फॉन्टही नीट दिसले. खाली २०२५ पर्यंतची फोल्डरं रांगेत होती, प्रत्येकाचं साइजही बरोबर. मी पैसे यूपीआयने दिले. तो जुनी हार्ड डिस्क पिशवीत टाकून गेला.

तीन आठवड्यांनी शिंदे गुरुजींच्या पुस्तकाचं काम काढलं. हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. आपल्या गावाचा इतिहास ते गेली दोन वर्षं माझ्याकडे बसून लिहून घेत होते. तीनशेवर पानं झाली होती. फाइल उघडेना. शेजारची उघडेना. २०२४ चं, २०२३ चं, एकही फोल्डर धड नाही. नावं होती, आकार होते, आत काहीच नव्हतं. उघडत होतं ते २०१३, २०१४ आणि २०१५ चं थोडंसं.

पुतण्याने ती बाहेरची डिस्क उघडली. धातूच्या त्या डबीत एका कार्ड रीडरवर ६४ जीबीचं मोबाइलमध्ये घालायचं मेमरी कार्ड गोंदाने चिकटवलेलं होतं. त्याच्या कंट्रोलरला, म्हणजे डिस्क चालवणाऱ्या चिपला, ‘मी दोन टीबी आहे’ असं खोटं सांगायला शिकवलेलं असतं. ६४ जीबी भरले की पुढे येणारा डेटा ते घेतल्याचं दाखवतं आणि टाकून देतं. फायलींची नावं आणि आकार यांची यादी मात्र बहुधा डिस्कच्या सुरुवातीच्या भागात लिहिली जाते, ती शाबूत राहते. म्हणून विंडोजलाही पत्ता लागत नाही आणि कॉपी पूर्ण झाल्याचा निरोप येतो. काही डिस्कमध्ये नवा डेटा जुन्यावरच लिहिला जातो, तेव्हा आधीचाही जातो. पुण्यातल्या डेटा परत मिळवून देणाऱ्यांनी एका वाक्यात सांगितलं, ‘मॅडम, जे लिहिलंच गेलं नाही ते काढणार कुठून?’

जुनी हार्ड डिस्क हातात असती, तर हे सगळं दहा मिनिटांची डोकेदुखी ठरलं असतं. म्हणून मी हे लिहितेय. मी डिस्क मागायला गेले, तर तो म्हणाला, ‘भंगारात गेली. आणि ताई, मलाही वरच्या व्यापाऱ्याने फसवलंय.’ त्या बाहेरच्या डिस्कपुरतं ते खरं असेलही. पण त्याने नवी म्हणून घातलेली एसएसडी क्रिस्टलडिस्कइन्फो नावाच्या फुकटच्या प्रोग्रॅमने तपासली, तेव्हा ती अकरा हजार तासांहून जास्त चालून झालेली निघाली. म्हणजे ती वर्षाहून जास्त दिवसरात्र चाललेली होती. ही काही चूक नव्हे. शिवाय त्या हार्ड डिस्कवर माझ्या गिऱ्हाइकांची आधार कार्डं, फोटो, फोन नंबर आहेत. साधं फॉरमॅट मारलं तरी त्यातलं बरंच परत काढता येतं. त्याची काळजी मला डेटा गेल्यापेक्षाही जास्त आहे.

तुमच्यापैकी कोणी डिस्क बदलणार असाल, तर जुनी डिस्क दुकानदाराला देऊ नका. तो पाचशे देवो की हजार. नुसती नावं आणि आकार पाहून समाधान मानू नका. सगळ्यात शेवटी कॉपी झालेलं फोल्डर उघडा, मधलं एखादं उघडा, मोठी फाइल पूर्ण स्क्रोल करून बघा. बाहेरची डिस्क विकत घेतली की ती रिकामी असतानाच एचटूटेस्टडब्ल्यू नावाच्या प्रोग्रॅमने तपासा. ते डिस्क काठोकाठ भरतं आणि लिहिलेलं परत वाचून बघतं. दोन टीबीला बरेच तास लागतात, लागू देत. घाई असेल तर व्हॅलिड्राइव्ह नावाचा प्रोग्रॅम आहे, तो डिस्कवर जागोजागी लिहून-वाचून काही मिनिटांत खोटेपणा दाखवतो. एक टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते, ती फसवणूक नव्हे, मोजणीच्या पद्धतीतला फरक आहे.

पुतण्याने सांगितलं म्हणून मी ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन केला. धंद्यासाठीची वस्तू म्हणून आपल्याला दाद नाही, असं मला वाटत होतं. पण स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू असेल, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण ग्राहकच ठरतो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी नाही, तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते. बिल नसलं तरी यूपीआयची नोंद, व्हॉट्सअॅपवरचं बोलणं, त्या उघडलेल्या डबीचे फोटो, हे सगळं मी जोडलंय. तक्रार दाखल झालीय, निकाल अजून नाही.

गुरुजींना सांगायला मी स्वतः गेले. दारातच रडू फुटलं. त्यांनी पाणी दिलं आणि कपाटातून हस्तलिखिताच्या वह्या काढल्या. दुरुस्त्या फक्त फायलीत होत्या, त्या गेल्या. आता दर शनिवारी ते येतात, आठवेल तसं पुन्हा सांगतात. चौऱ्याऐंशी पानं झालीत. काम संपलं की मी दोन वेगळ्या डिस्कवर कॉपी करते, आणि गुरुजी चष्मा लावून बसतात. दुसऱ्या डिस्कवरून आजचं शेवटचं पान उघडून दाखवल्याशिवाय ते उठत नाहीत.