‘शहरजाद’: गर्दीत नको, घरी निवांत बघा

२०१५ला सुरू झालेली हसन फतहींची ही इराणी मालिका १९५३च्या सत्तापालटानंतरच्या तेहरानमध्ये घडते. शहरजादचं फरहादवर प्रेम. पण बुजुर्ग आगा या बड्या धेंडाच्या मुलीला मूल नाही, म्हणून त्याच्या हुकमावरून शहरजादला त्याच्याच जावयाची, कोबादची, दुसरी बायको व्हावं लागतं. अली नसीरियान यांचा बुजुर्ग आगा जबरदस्त! बसल्या जागेवरून तो अख्खं घर धाकात ठेवतो. पहिला सीझन सरस, पुढचे दोन पसरट.

लोकलमध्ये मोबाइलवर बघू नका, संवाद इतके की सबटायटल निसटतात. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरवर सबटायटल शेवटपर्यंत एकसारख्याच अंतराने मागेपुढे असतील तर कीबोर्डवरच्या ‘जी’ आणि ‘एच’ने जुळवा. फरक वाढतच गेला तर फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं दिसतात तो वेग) वेगळा आहे. सबटायटलची फाइलच बदला.