एकाच नावाचे अनेक ग्लॉकस: स्मिथ यांच्या कोशाची डिजिटल आवृत्ती

ग्रीक पुराणकथा वाचताना मोठ्या देवांपेक्षा दुय्यम पात्रे अधिक गोंधळात टाकतात, कारण तेच नाव कुठे राजाचे असते, कुठे सारथ्याचे, तर कुठे एखाद्या समुद्रदेवाचे. हा गुंता सोडवण्यासाठी विल्यम स्मिथ यांनी संपादित केलेला आणि १८४९ मध्ये पूर्ण झालेला ग्रीक व रोमन व्यक्तींचा आणि पुराणपात्रांचा कोश मला आजही सर्वांत भरवशाचा वाटतो. टफ्ट्स विद्यापीठाच्या पर्सियस डिजिटल लायब्ररीवर तो विनामूल्य वाचता येतो.

कोशाची खरी ताकद नोंदींच्या मांडणीत आहे. ग्लॉकस हे नाव काढले की त्या नावाच्या व्यक्ती क्रमांकाने समोर येतात आणि प्रत्येकाची ओळख प्रामुख्याने कुळावरून पटते: सिसिफसचा मुलगा, ज्याला त्याच्याच घोड्यांनी फाडून खाल्ले, मायनॉसचा मुलगा, जो मधाच्या रांजणात पडून मेला आणि पॉलिइडस या द्रष्ट्यामुळे पुन्हा जिवंत झाला, अँथेडॉनचा कोळी, जो एक वनस्पती खाऊन समुद्रदेव बनला, आणि लिशियाचा योद्धा, ज्याने ट्रॉयच्या युद्धावरील होमरच्या ‘इलियड’ या महाकाव्याच्या सहाव्या सर्गात डायोमिडीज या ग्रीक योद्ध्याला सोन्याचे चिलखत देऊन काशाचे घेतले. हा योद्धा सिसिफसच्या मुलाचाच पणतू, म्हणजे बेलेरोफोनचा नातू आहे, आणि युद्धभूमीवर तो स्वतःच ही वंशावळ डायोमिडीजला ऐकवतो. कुळाचा धागा हाती असला की असे नाते आपोआप उलगडते.

उणिवाही आहेत. संदर्भांचे संक्षेप नवख्या वाचकाला अडवतात, ऐतिहासिक आणि पौराणिक व्यक्ती एकाच वर्णक्रमात येतात आणि ट्रॉयच्या उत्खननापूर्वीचा हा कोश असल्याने पुरातत्त्वाची भर त्यात नाही. शिवाय क्रमांक पाहून प्रत्येक प्रश्न सुटला असे वाटू नये. ट्रॉयच्या बाजूने लढणारा राजा पायलेमेनीस ‘इलियड’च्या पाचव्या सर्गात मारला जातो आणि तेराव्यात आपल्या मुलाच्या शवामागून रडत चालतो, हे दोन वेगळे पायलेमेनीस असावेत, असे स्पष्टीकरण प्राचीन टीकाकारांनीच पुढे केले होते. अशा नावांसाठी मूळ सर्ग उघडायलाच हवा, आणि होमरचे ग्रीक मूळ व इंग्रजी भाषांतर पर्सियसवरच असल्याने तेवढे कष्ट कोणीही घेऊ शकतो.