पिशवीचा व्हॅक्युम क्लीनर: आठ महिने वापरल्यावर

यंदा पाडव्याला पिशवीचा व्हॅक्युम क्लीनर घेतला. आता दिवाळीची आवराआवर उरकली, म्हणजे आठ महिने झाले. घेण्याआधी मराठीत कोणी नीट लिहिलंय का ते मी शोधत होते. सापडलं ते सगळं खोकं उघडल्याच्या पहिल्या आठवड्यातलं. अशा मशीनवर एक पावसाळा जाऊ द्यावा लागतो, म्हणून थांबले होते.

आम्ही पुण्याजवळ मोशीत राहतो, दुसऱ्या मजल्यावर, दोन बेडरूमचं घर. समोरच्या प्लॉटवर दोन वर्षं इमारत चढतेय. सकाळी पुसलेल्या टीपॉयवर दुपारी बोटानं नाव लिहिता येतं, एवढी धूळ. सासूबाईंना, म्हणजे आईंना, दमा आहे. गेल्या हिवाळ्यात त्यांची ॲलर्जीची तपासणी केली, हातावर थेंब टाकून टोचतात ती. धुळीतल्या किड्यांच्या थेंबाखाली भलीमोठी गांधी उठली. हे किडे जेमतेम पाव मिलिमीटरचे, डोळ्यांना न दिसणारे. गादी, उशी, सोफा यांत राहतात आणि आपल्या त्वचेच्या कोंड्यावर जगतात. त्रास होतो तो मुख्यतः त्यांच्या विष्ठेचा. तिचे कण साधारण दहा ते चाळीस मायक्रॉनचे (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). गादी झटकली की उडतात आणि थोड्या वेळानं खाली बसतात. म्हणजे आई रोज सकाळी अंथरूण झटकत होत्या, तेव्हाच सगळ्यात जास्त त्रास करून घेत होत्या.

आमच्याकडे आधी बिनपिशवीचा, पारदर्शक डब्याचा व्हॅक्युम होता. ओढायचा बरा. पण डबा रिकामा करायला मी बाल्कनीत जायचे, कचऱ्याच्या बादलीवर उलटा धरायचे, दोन टपल्या मारायचे आणि करड्या धुळीचा ढग वर यायचा. एकदा वारा घराच्या दिशेनं होता. आत आईंना जी ढास लागली, ती इन्हेलर घेतल्यावरही अर्धा तास थांबली नाही. अख्ख्या घरातून गोळा केलेली धूळ मी एका मिनिटात त्यांच्या अंगावर टाकली होती. त्या दिवशी ठरलं, पुढचं मशीन पिशवीचंच.

घेतलेलं मशीन चाकांवर मागे-मागे येणारं, लांब पाइपचं आहे. दुकानदार त्याला कॅनिस्टर म्हणतात, काही जण सिलेंडर व्हॅक्युम म्हणतात. १२०० वॉट, तीन लिटरची पिशवी, साडेनऊ हजार रुपये. कंपनीचं नाव देत नाही, कारण या वर्गातली बहुतेक मशीनं आतून सारखीच असतात. मला सांगायचंय ते पिशवीबद्दल आणि सोबत येणाऱ्या ब्रशांबद्दल. खरेदी चुकते ती तिथेच.

पिशव्या तीन प्रकारच्या मिळतात. एक कागदी, स्वस्त. दुसरी न विणलेल्या कापडाची, चार-पाच थरांची, तीही टाकून द्यायची. तिसरी चेन असलेली, झटकून पुन्हा वापरायची. मी तिन्ही वापरल्या. चेनची पिशवी घेतली होती पैसे वाचवायला. पण ती झटकायची म्हणजे पुन्हा बाल्कनी आणि पुन्हा तोच ढग. शिवाय तिच्या धाग्यांत बारीक धूळ अडकून बसते आणि तिसऱ्या-चौथ्या वेळेपासून ओढ कमी होते. दम्याच्या माणसाच्या घरात ही पिशवी घेऊच नका. कागदी पिशवीची गोष्ट पावसाळ्यात कळली, ती पुढे सांगते. थरांच्या कापडी पिशव्या मला पाचाला साडेसातशे पडल्या, म्हणजे एक दीडशेला. एक मशीनसोबत आली होती, पाचांचं एक पाकीट संपलं, आता दुसरं फोडलंय. आठ महिन्यांत ही सातवी. महाग वाटतं, पण पिशवी काढतानाचं सुख वेगळंच आहे. झाकण उघडायचं, पुठ्ठ्याच्या गळ्यावरची खिट्टी सरकवून तोंड बंद करायचं, उचलायचं, कचऱ्यात ठेवायचं. पहिली पिशवी काढली तेव्हा मी शेजारी ओला रुमाल घेऊन उभी होते. त्याला काही लागलंच नाही.

पिशवी भरल्याचा लाल दिवा लागतो, त्यावर आंधळा विश्वास ठेवू नका. पिशवी किती भरली हे त्या दिव्याला कळत नाही, हवा किती अडतेय तेवढंच कळतं. ब्रशमध्ये मोजा अडकला तरी तो लाल होतो. आधी ब्रश काढा, मशीन पूर्ण जोरावर ठेवा, पाइप हवेत धरा. तरीही लाल राहिला तर पिशवी बदला. आणि सिमेंटची धूळ ओढली असेल तर पिशवी अर्धीच भरलेली असताना दिवा लागतो, तो मात्र खरा असतो. ती धूळ इतकी बारीक की कापडाची छिद्रं बुजतात, मग रिकामी जागा असूनही हवा जात नाही. एप्रिलमध्ये समोर प्लास्टर चाललं होतं तेव्हा एक पिशवी तीन आठवड्यांत गेली. एरवी एक सहा आठवडे जाते.

वॉटबद्दल थोडंसं. दुकानात पहिला प्रश्न तोच येतो, किती वॉटचं? वॉट म्हणजे मशीन खातं किती, ओढतं किती ते नव्हे. युरोपीय संघानं सप्टेंबर २०१४ पासून १६०० आणि सप्टेंबर २०१७ पासून ९०० वॉटची कमाल मर्यादाच घातली, आणि तिथली घरं ९०० वॉटच्या आत स्वच्छ होतातच. आमच्या १२०० वॉटला २३० व्होल्टवर सव्वापाच अँपिअर लागतात. दिवाणखान्यातल्या सहा अँपिअरच्या जुन्या पॉइंटवर लावलं, तर वीस मिनिटांत प्लग चांगला गरम झाला. तेव्हापासून सोळाच्याच पॉइंटवर लावते. मशीनची वायर पाच मीटर, मागच्या बेडरूमपर्यंत पुरत नाही. इलेक्ट्रिशियनकडून दीड स्क्वेअर एमएमच्या वायरचा जाड एक्स्टेन्शन बोर्ड करून घेतला. मोबाइल चार्ज करायचा पातळ बोर्ड यासाठी वापरू नका. आणि मशीनची वायर पिवळ्या खुणेपर्यंत बाहेर ओढूनच चालवा, आत गुंडाळलेली राहिली तर तापते.

आता फिल्टर. खोक्यावर ‘हेपा’, म्हणजे अगदी बारीक कण अडवणारा फिल्टर, असं लिहिलेलं असतं, पण ‘हेपा टाइप’ (नुसतं नाव, दर्जाची हमी नाही) आणि एच-१३ यांत जमीनअस्मानाचं अंतर आहे. एच-१३ म्हणजे अडवायला सगळ्यात अवघड आकाराचे, साधारण ०.१ ते ०.३ मायक्रॉनचे कणही ९९.९५ टक्के अडवणारा. पण फिल्टर कितीही चांगला असू दे, झाकणाचं रबर नीट बसत नसेल तर हवा फिल्टरला वळसा घालून फटीतून बाहेर पडते. मी हे रात्री तपासलं. खोलीत पूर्ण अंधार केला, मशीनमागे टॉर्च आडवी धरली आणि सतरंजीवरून ब्रश फिरवला. जुन्या मशीनच्या मागून टॉर्चच्या झोतात कणांची रांगच लागलेली दिसायची. या मशीनच्या मागच्या जाळीतून काही दिसलं नाही, पण झाकणाच्या डाव्या कोपऱ्यातून दोन-चार कण उडाले. रबर काढून पुसलं, पुन्हा दाबून बसवलं, ते थांबले. दुकानदार करू देत असेल तर घेण्याआधीच करून पाहा.

सोबत आलेल्या ब्रशांना आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी ‘तोंडं’ म्हणतात, आता घरात तोच शब्द रुळलाय. एकूण सहा तोंडं आली. मोठं फरशीचं तोंड पेडलचं आहे: फरशीवर केस खाली, सतरंजीवर केस वर. व्हिट्रिफाइड टाइल्सवर उत्तम चालतं, एक गोष्ट सोडून. चतुर्थीला साबुदाणा सांडला, म्हटलं एका फेरीत जाईल. पुढच्या केसांनी दाणे आत येऊच दिले नाहीत, ब्रशच्या पुढे पळत पळत ते सोफ्याखाली गेले. दाणा मोठा असेल तर तोंड काढून नुसती नळी लावायची.

सगळ्यात जास्त कामाचं निघालं ते सोफ्याचं, हाताच्या पंज्याएवढं तोंड. त्याला खाली लाल मखमलीसारख्या दोन पट्ट्या आहेत, त्या कापडात रुतलेले केस आणि सूत उचलतात. आईंची गादी कापसाची, पिंजाऱ्याकडून भरून घेतलेली, वर्षाआड पुन्हा पिंजून आणायची. ती बाहेरून स्वच्छ दिसत होती. खरं-खोटं पाहायला मी नळीच्या टोकावर काळा रुमाल ताणला, त्यावरून तोंड बसवलं आणि गादीचा फक्त उशाकडचा हातभर भाग ओढला. एक मिनिट लागलं असेल. रुमाल काढला तर त्यावर नळीच्या गोलाएवढा मैद्यासारखा मऊ, करडा थर, बोट लावलं की उमटेल असा. आई बराच वेळ तो रुमाल हातात धरून बसल्या. मग म्हणाल्या, “आणि मी म्हणत होते, रोज झटकते की मी.”

गादी ओढताना जोर निम्म्यावर ठेवा, नाहीतर खोळ आत ओढली जाते आणि मोटर कण्हायला लागते. मुठीजवळ हवेची एक छोटी खिडकी असते, ती उघडली तरी चालतं. हात सावकाश फिरवायचा. एका बाजूला मला सात-आठ मिनिटं लागतात. एवढं करून जिवंत किडे निघतात असं समजू नका, ते धाग्यांना घट्ट धरून बसतात. त्यासाठी चादरी-अभ्रे दर आठवड्याला साठ अंशांच्या पाण्यात धुवावे लागतात आणि गादीला चेनची खोळ लागते. मशीन वरची धूळ आणि विष्ठा काढतं. आईंचं औषध चालूच आहे, पण पहाटेची शिंकांची रांग बरीच कमी झाली आहे. त्यात खोळीचा वाटा किती आणि मशीनचा किती, हे मी सांगू शकणार नाही, दोन्ही एकाच महिन्यात सुरू केलं.

फटीचं चपटं तोंड स्लायडिंग खिडक्यांच्या ट्रॅकसाठीच बनलंय असं वाटतं. तिथली धूळ वर्षानुवर्षं आम्ही जुन्या टूथब्रशनं उकरायचो. आता टूथब्रशनं मोकळी करायची आणि मागोमाग तोंड धरायचं. चारही खिडक्या वीस मिनिटांत होतात. गोल, मऊ केसांचा ब्रश पंख्याची पाती, पुस्तकं, देवघराची जाळी यांना चांगला. पंख्याचं पातं मात्र दुसऱ्या हातानं खालून धरा. हवेवर फिरणाऱ्या रोलरचं टर्बो तोंड मी हौसेनं वेगळं विकत घेतलं, बाराशेला. सतरंजीवर छान चालतं, पण घरात लांब केसांच्या आम्ही तिघी. दर खेपेला रोलरवरचे केस कात्रीनं कापून काढावे लागतात. घरात गालिचा नसेल तर घेऊ नका. उरलेली दोन तोंडं खोक्यात तशीच आहेत. जास्तीचं तोंड घ्याल तेव्हा नळीचा व्यास मोजून जा, बाजारात ३२ आणि ३५ मिलिमीटर अशी दोन्ही मापं आहेत. माझा एक ब्रश त्यामुळे परत करावा लागला.

पावसाळ्यात दोन चुका केल्या. पहिली, जुलैत कापडी पिशव्या संपल्या म्हणून कागदी आणल्या आणि त्यातली एक महिनाभर मशीनमध्येच राहू दिली. दमट हवेनं कागद नरम पडला, मशीन सुरू केलं की कुबट वास घरभर. काढायला गेले तर गळ्याच्या पुठ्ठ्यापाशी फाटली आणि धूळ मोटरपुढच्या फिल्टरवर सांडली. पावसाळ्यात पिशवी भरो न भरो, महिन्यानं टाका. दुसरी चूक, दाराजवळचं पायपुसणं ओलसर असताना ओढलं. हे मशीन फक्त कोरड्यासाठी आहे, ओल आत गेली तर पिशवीही जाते आणि मोटरही जाऊ शकते.

तिसरी चूक करता करता थांबले. बाल्कनीत एसीमागे कबुतरांनी घाण केली होती, वाळलेली. तोंड लावणार होते, आईंच्या डॉक्टरांना फोन केला म्हणून बरं झालं. ती कोरडी घाण हवेत उडाली तर फुप्फुसाचा आजार होऊ शकतो. पाणी मारून, मास्क लावून, ओल्या फडक्यानंच ती काढायची.

आता तक्रार. सप्टेंबरात पाइप मशीनला जोडतो तिथली प्लास्टिकची कडी तडकली. हवा तिथूनच शिरायला लागली, ओढ निम्मी. वॉरंटी वर्षाची, म्हणून सर्व्हिस सेंटरला फोन केला. प्लास्टिकचे भाग वॉरंटीत येत नाहीत म्हणाले. मग कडी विकत द्या म्हटलं, तर सुटी मिळत नाही, पूर्ण पाइपच घ्यावा लागेल, अठराशे रुपये. पैसे भरल्यावर तीन आठवडे लागले, तेही मी सहा फोन केल्यावर. हाताच्या मुठीएवढ्या कडीसाठी साडेनऊ हजारांचं मशीन बंद पडून होतं आणि नेमक्या त्याच दिवसांत आईंचा खोकला वाढला, याचा मला अजून राग आहे. घेण्याआधी दुकानदाराला दोनच गोष्टी विचारा: या मॉडेलच्या पिशव्या आत्ता दुकानात आहेत का आणि पाइप सुटा मिळतो का. उत्तर ‘मागवून देऊ’ असं आलं तर दुसरं मॉडेल बघा. आणि मशीन पाइप धरून ओढू नका. आमची कडी त्यानंच तडकली असावी, उंबऱ्यावरून ते रोज तसंच ओढलं जात होतं.

आवाज मिक्सरपेक्षा कमी, टीव्ही ऐकू येत नाही एवढा. दुपारी आई झोपतात तेव्हा चालवत नाही. वीज अर्धा तास पूर्ण जोरावर चालवलं तर ०.६ युनिट. वजन पाच किलोच्या आसपास, माळ्यावर ठेवू नका, खाली काढायचा कंटाळा येतो आणि मग वापर थांबतो. आमचं दाराच्या मागे उभं असतं, पाइप लावलेलाच.

मावशी पहिले दोन महिने हात लावायला तयार नव्हत्या. “ताई, बिघडलं तर माझ्यावर येईल,” म्हणायच्या. मग त्यांची कंबर धरली. सोफ्याखाली, पलंगाखाली वाकून झाडू मारणं होईना. लोखंडी नळी लांब केली की उभ्यानंच भिंतीपर्यंत पोहोचते, हे मी त्यांना दाखवलं. नळी त्यांच्या उंचीला एक खाच कमी ठेवावी लागते, ती खूण मी नेलपॉलिशनं करून दिली आहे. झाडू-फरशी अजून तशीच होते. गुरुवारी मात्र चप्पल काढल्या काढल्या त्या दाराच्या मागे जातात आणि विचारतात, “ताई, आज कुठलं तोंड लावू?”