दापोलीची प्लॉट-सहल: समुद्र मनसोक्त, शाळा चालत्या गाडीतून

समृद्धी महामार्गात गेलेल्या जमिनींचा मोबदला हाती आल्यापासून आमच्या कारंजा, मंगरूळपीर, धामणगाव पट्ट्यात प्लॉट विकणाऱ्यांचा राबता वाढला. आधी नागपूर-वर्ध्याचे ले-आउटवाले यायचे, आता कोकणातले येतात. त्यांना आपल्यात गोडी का, तर आपल्याकडे सातबारा असतो. शेतकरी नसलेल्याला महाराष्ट्रात शेतजमीन सहजासहजी घेता येत नाही. वाशिम जिल्ह्यातला कास्तकार मात्र आपला सातबारा दाखवून रत्नागिरी जिल्ह्यातली जमीन घेऊ शकतो. पुण्या-मुंबईच्या नोकरदाराला जे विकता येत नाही ते आपल्याला विकता येतं, एवढं साधं गणित आहे.

अशाच एका एजन्सीच्या 'साइट व्हिजिट'ला आम्ही जाऊन आलो. मी, आमचे हे आणि माझे दीर. एजन्सीचं नाव लिहीत नाही, कारण फिरवणारा पोरगा आपल्याच तालुक्यातला आहे आणि त्याच्या पोटावर पाय द्यायचा नाही. पण विचारणारे बरेच आहेत म्हणून अनुभव लिहिते. मी जिल्हा परिषदेची शिक्षिका, निवृत्तीला टेकलेली. मुलगा-सून पुण्यात, दोघांचंही काम घरूनच चालतं, नात दुसरीत. दापोलीला घर घेऊ, नातीला तिथल्या शाळेत घालू, आणि रिटायर झाल्यावर आई-बाबाही येतील, असं त्यांचं चाललं होतं. एजन्सीच्या पत्रकावर नेमकं तेच छापलेलं: 'नातवंडांना शाळा, तुम्हाला समुद्र'.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरंच चांगलं होतं. रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पुणे, तिथून छोट्या गाडीनं ताम्हिणी घाटातून माणगाव, मंडणगड करत दापोली. गाडी स्वच्छ, ड्रायव्हर जपून चालवणारा. मुक्काम एका घरगुती ठिकाणी, तिथं उकडीचे मोदक आणि सोलकढी अशी की आमचे हे, ज्यांना ठेच्याशिवाय घास उतरत नाही, तेही गप जेवले. ज्वारीची भाकर मात्र विचारू नका, तिथं भाकरी तांदळाची.

पहिल्या संध्याकाळी हर्णै बंदरावर नेलं. मासळीचा लिलाव बघायला लोक लांबून येतात, आणि तो बघण्यासारखाच आहे. होड्या खोल पाण्यात उभ्या, आणि तिथून मासळीच्या टोपल्या किनाऱ्यावर आणायला चक्क बैलबंड्या. बैल पोटापर्यंत समुद्राच्या पाण्यात. बाकी सगळे पापलेट, सुरमई बघत होते, माझे दीर वाकून बैलांचे पाय बघत होते. "वहिनी, खाऱ्या पान्यानं खूर सडत नसतील काय वो यायचे?" तिथल्या गाडीवानाला जाऊन विचारून आले तेव्हाच त्यांचं समाधान झालं. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, अलीकडे किनाऱ्यावर कनकदुर्ग. दुसऱ्या दिवशी आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, तोही उजव्या सोंडेचा. वरून दिसणारी खाडी आणि नारळी-पोफळीच्या वाड्या बघून कोणाचाही जीव हरखेल.

आमच्या यांना खरा आनंद झाला तो कृषी विद्यापीठात. डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ १९७२ चं, म्हणजे आपल्या अकोल्याच्या पंजाबराव विद्यापीठाहून तीन वर्षांनी धाकटं. 'रत्ना' आंबा, 'सिंधू' नावाचा अगदी पातळ कोयीचा आंबा, वेंगुर्ल्याचे काजू, असं सगळं ऐकून त्यांनी डायरी काढली. एजन्सीनं तिथं अर्धा तासच ठेवला होता. मी त्यांच्या जागी असते तर अर्धा दिवस ठेवला असता. वावर कसणाऱ्या गिऱ्हाईकाला जमीन विकायची तर हेच मोठं आकर्षण आहे, आणि यांना त्याचा पत्ताच नाही.

आता शाळा.

पत्रकात एक अख्खं पान शाळांवर आहे. 'भारतरत्नांची भूमी' असा मथळा. यातलं बहुतेक खरंही आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे मुरूडचे, भारतरत्न १९५८. पां. वा. काणे दापोलीच्या मिशन शाळेत शिकले, भारतरत्न १९६३. बाबासाहेबांच्या बालपणाची काही वर्षं दापोलीच्या कॅम्पात गेली. साने गुरुजी पालगडचे, शिकायला दापोलीत. रँग्लर परांजपे मुर्डीचे, म्हणजे आंजर्ल्याच्या शेजारचे. एका तालुक्याच्या मानानं ही यादी थक्क करणारी आहे, मी वर्गात मुलांना सांगितलीही. पण या यादीवर आजचा प्लॉट विकायचा म्हणजे जरा जास्तच झालं. कर्व्यांचीच गोष्ट घ्या. सहावीच्या परीक्षेला बसायला मुरूडहून डोंगर-घाट तुडवत साताऱ्यापर्यंत पायी गेले, आणि वय लहान दिसतं म्हणून परीक्षकांनी बसू दिलं नाही. परतही पायीच. ही गोष्ट त्या पानावर नाही. तिच्याऐवजी 'नामांकित शाळा १० मिनिटांवर'.

१० मिनिटं कुठून? प्लॉट आहे आंजर्ल्याच्या बाजूला डोंगरउतारावर. दापोली गाव समुद्रकाठी नाहीच, ते वर आहे, सगळ्यात जवळचा किनारासुद्धा सात-आठ किलोमीटर. हर्णै पंधराच्या पुढं, आंजर्लं आणखी पुढं. रस्ता वळणावळणाचा. दापोलीतून जाताना पोरानं खिडकीतून बोट दाखवलं, "ते पाहा मॅडम, ए. जी. हायस्कूल." अल्फ्रेड गॅडने हायस्कूल, दापोलीची जुनी नामांकित शाळा. मी म्हटलं, थांबव ना, आत जाऊन येते. "येताना थांबू मॅडम." येताना अंधार पडलेला.

मग दुसऱ्या दिवशी दुपारची विश्रांती सोडून मी रिक्षा केली आणि प्लॉटच्या जवळची जिल्हा परिषदेची शाळा गाठली. शाळेत शिरताच मला घर आल्यासारखं वाटलं: तोच हिरवा फळा, तेच पोषण आहाराचं वेळापत्रक, तीच भिंतीवरची बाराखडी. बाईंनी पाणी दिलं, मग आमच्या शिक्षकी गप्पा सुरू झाल्या. पट वीसच्या आत. चार वर्ग, शिक्षक दोन. घराघरातली तरणी माणसं मुंबईला, त्यामुळं गावात पोरंच कमी. आपल्याकडं पटसंख्या कमी झाली की संचमान्यतेची, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरण्याची, धास्ती असते, तशीच तिथं. वीसच्या आत पट असलेल्या शाळा समूह शाळेत मिसळायच्या हालचाली २०२३ मध्ये झाल्याच होत्या. बाई स्पष्ट म्हणाल्या, "ताई, शाळा चांगली आहे, मुलं हुशार आहेत. पण तुमची नात पाचवीला जाईल तेव्हा तिला एसटीनंच जावं लागेल. आणि जुलैत एसटी कधी येते, कधी नाही."

मला पाहिजे होतं ते हेच वाक्य, आणि ते एजन्सीच्या पूर्ण सहलीत कुठंच नव्हतं. दापोलीला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आमच्याकडं आठशे-नऊशे पडला तरी नाले भरतात. सहल ठेवतात हिवाळ्यात, उन्हं कोवळी, समुद्र निळा. पावसाळ्यातली एकही फेरी त्यांच्याकडं नाही, मी मुद्दाम विचारलं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा याच हर्णै, आंजर्लं, केळशी पट्ट्यात घरांचे पत्रे उडाले, नारळी-पोफळी आडव्या झाल्या, वीज किती दिवस नव्हती ते तिथली माणसं अजून सांगतात. पोराला विचारलं तर म्हणे, "ते जुनं झालं मॅडम."

कोणाला शाळा बघूनच घर घ्यायचं असेल तर एक शिक्षिका म्हणून सांगते. 'नामांकित' या शब्दावर जाऊ नका, यूडायस कोड मागा. प्रत्येक मान्यताप्राप्त शाळेला अकरा अंकी कोड असतो, महाराष्ट्राचा २७ नं सुरू होतो, आणि त्यावरून शाळेची पटसंख्या, शिक्षक, वर्गखोल्या घरबसल्या दिसतात. पत्रकात पाच शाळांची नावं, कोड एकाचाही नाही. त्यातल्या एका 'इंटरनॅशनल' शाळेचं बोर्ड कोणतं, या साध्या प्रश्नाला दोन वेगवेगळी उत्तरं मिळाली, आणि ती दोन्ही एकाच माणसाकडून. चिखलगावची लोकमान्य टिळक विद्यामंदिर तर यादीतच नव्हती. टिळकांच्या मूळ गावी, खेड्यातल्या पोरांना हातानं काम करत शिकवणारी शाळा. शिक्षकांमध्ये तिचं नाव आहे, पण तिचा चकचकीत फोटो निघत नसावा.

कागदांचं माझ्या दिरांनी बघितलं, त्यांना मोबदल्याच्या वेळी तलाठी-भूमिअभिलेखचा भरपूर सराव झालाय. पत्रकावर 'बंगलो प्लॉट', आणि हातात दिला शेतजमिनीचा सातबारा. त्यावर सहहिस्सेदारांची नावं अशी लांबलचक की दिरांनी चष्मा पुसला. "एवढे लोक मतदानाले तरी येतात काय एका जागी?" कोकणात हे सर्रास आहे, वडिलोपार्जित जमीन वाटणी न होता तशीच राहते, अर्धे हिस्सेदार मुंबईत. त्यातले पाच गुंठे तुम्हाला, सामाईकात. आपण एकरात बोलणारी माणसं, एकर म्हणजे चाळीस गुंठे, पाच गुंठ्यांत बैल बांधायचा का घर बांधायचं? शिवाय तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे, इतका लहान तुकडा स्वतंत्र नावावर चढवताना तो आडवा येतो. रेरा नंबर, म्हणजे घर-प्लॉटच्या प्रकल्पाचा सरकारी नोंदणी क्रमांक, विचारला तर "शेतजमिनीला रेरा लागत नाही". मग बंगलो प्लॉट म्हणून विकता कसा? पाचशे चौरस मीटरच्या वरचा ले-आउट पाडून विकायचा तर महारेराची नोंदणी लागते. सीआरझेडचा, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाच्या नियमांचा, नकाशाही त्यांच्याकडं नव्हता. समुद्राच्या, खाडीच्या भरतीरेषेपासून किती अंतरावर काय बांधता येतं ते त्यावरच ठरतं. 'सी व्ह्यू' म्हटलं की पहिला प्रश्न तो. पोरगा बिचारा "साहेबांना विचारून सांगतो" म्हणत राहिला, आणि साहेब काही फोनवर आले नाहीत.

सहल म्हणून मी पाचपैकी चार तारे देईन. त्या पैशात एवढं फिरणं, एवढं जेवण कुठं मिळत नाही. घर घेण्यासाठीची सेवा म्हणून दीड, त्यातला अर्धा ड्रायव्हरचा.

दापोली मात्र मनात बसली, ते लपवत नाही. मुलाला मी सांगितलंय की समुद्राकडं बघणारा उतार विसर, दापोली गावातच, शाळेला पायी जाता येईल अशी जागा आधी भाड्यानं घे, जूनपासून दिवाळीपर्यंत राहून बघ. समुद्र रविवारी गाडीनं. सुनेला पटलं, मुलगा अजून 'सी व्ह्यू'वरच आहे. आमचे हे म्हणतात, "पऱ्हाटीचा हंगाम कोन पाह्यल?" पऱ्हाटी म्हणजे आमची कपाशी, आणि त्यांचंही खरंच आहे.

जाणाऱ्यांसाठी एवढंच: अनामत माणशी आधी भरून घेतात, प्लॉट न घेतल्यास परत देतात. आम्हाला पूर्ण मिळाली, पण मागे लागावं लागलं. परत मागताना व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी मागा. फोनवर 'सोमवारी पक्कं ताई' याच्या पुढं गाडी सरकत नाही.