यूएसबी मोशन कार्ड म्हणून गळ्यात मारला साधा ब्रेकआउट बोर्ड

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका फर्निचर वर्कशॉपला जुन्या सीएनसी राउटरसाठी (संगणकाने चालणारं लाकूड कापायचं मशिन) ‘यूएसबी मोशन कंट्रोलर’, म्हणजे मोटरांना हालचालीचे पल्स स्वतः देणारं कार्ड, म्हणून सीलबंद डबा विकला गेला. आत निघाला ब्रेकआउट बोर्ड, म्हणजे पीसीकडून आलेले सिग्नल नुसते पुढे पोचवणारा बोर्ड. सातपूर-अंबडला मशिनं रेट्रोफिट करून (जुन्या मशिनावर नवं कंट्रोल बसवून) घेणाऱ्यांनी हे नीट वाचा.

त्या बोर्डावर यूएसबी सॉकेट खरंच असतं, पण त्यातून फक्त ५ व्होल्ट येतात. मोटरला एकेक पाऊल हलवणारे पल्स येतात पीसीच्या पॅरलल पोर्टातून (जुना प्रिंटर पोर्ट), २५ पिनांच्या केबलने. डेमोत दोन्ही केबली जोडलेल्या होत्या. मोठी केबल म्हणे इमर्जन्सी स्टॉपची. वर्कशॉपच्या लॅपटॉपला तसा पोर्टच नाही म्हटल्यावर विक्रेत्याने यूएसबी-टू-पॅरलल केबल हातात ठेवली. ती प्रिंटरसाठी असते. डेटा गठ्ठ्यागठ्ठ्याने जातो, पल्सची वेळ सांभाळली जात नाही.

वेळ किती काटेकोर लागते ते बघा. एका फेरीला २०० स्टेप घेणारी मोटर, ड्रायव्हर १० मायक्रोस्टेपवर (एका स्टेपचे दहा भाग), स्क्रूचा पिच (एका फेरीतली सरक) ५ मिमी, म्हणजे एका मिलिमीटरला ४०० पल्स. मिनिटाला ३००० मिमी वेग हवा तर सेकंदाला २०,०००, दर ५० मायक्रोसेकंदाला एक. विंडोज मध्येच दुसऱ्या कामाला लागलं की लय तुटते, मोटर गुरगुरते, स्टेप सुटतात. साध्या स्टेपर मोटरला एन्कोडर (प्रत्यक्ष किती फिरली ते मोजणारा सेन्सर) नसतो, त्यामुळे मशिनला चूक कळत नाही. अख्खी प्लाय वाया गेल्यावर आपल्याला कळते. खरं कार्ड पुढच्या हालचाली आधीच साठवून घेतं आणि पल्स स्वतःच्या क्रिस्टलवर (वेळ राखणारा भाग) काढतं.

म्हणून पैसे देण्याआधी २५ पिनांची केबल काढायला लावा आणि मगच मशिन चालवून दाखवा म्हणा. यूएसबी लावल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये नवी नोंद दिसलीच पाहिजे. नुसता एलईडी पेटून उपयोग नाही. डबा उघडून बघा: ऑप्टोकप्लर, रिले आणि दोन-चार छोट्या आयसी एवढंच असेल, मोठी चौकोनी चिप आणि क्रिस्टल नसेल, तर परत करा. ‘३२-बिट विंडोजच टाका’ असा हट्ट असेल तर तिथेच सावध व्हा, कारण मॅक३ या सीएनसी चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा पॅरलल ड्रायव्हर ६४-बिटवर चालत नाही, म्हणजे बोर्ड पॅरललवरच चालणारा असणार. शेवटी डायल गेज (बारीक सरक दाखवणारं काट्याचं मापक) लावून अक्ष पूर्ण वेगात शंभरदा पुढे-मागे पळवा, त्याच वेळी पीसीवर मोठी फाइल कॉपी करा. काटा शून्यावर परत यायला हवा.

या व्यवहारात बिलावर नुसतं ‘सीएनसी बोर्ड’ होतं, त्यामुळे भांडायला जागाच उरली नाही. शिवाय धंद्यासाठी घेतलेला माल ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सहसा बसत नाही. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतला असेल तरच बसतो. बिलावर कार्डाचं मॉडेल, ‘पॅरलल पोर्टशिवाय चालते’ हे शब्द आणि कमाल पल्स फ्रिक्वेन्सी लिहून घ्या.